मागच्या सीटवरचे सुख

(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील ड्रायव्हर आहेत. पहिल्या वर्षी वर्गात कोणी विचारले की मी ‘खाजगी नोकरी’ एवढेच सांगून विषय बदलत असे. आज तेच वाक्य मी वार्षिकांकासाठी लिहून देत आहे. मोटारीतल्या सुखसोयी जपून कशा वापराव्यात हा या लेखाचा विषय आहे आणि त्यातले मला जे थोडेफार कळते ते वडिलांमुळे. त्यांनी सांगूनही मी जे ऐकले नाही, त्याची हकीकतही याच लेखात यायची आहे.

‘आराम करायला काय शिकायचे? बसायचे, काच वर करायची, ए.सी. लावायचा आणि डोळे मिटायचे!’ असे पुष्कळांना वाटेल. वाचकहो, मलाही तसेच वाटत होते.

आम्हां पनवेलकरांना रस्ता नवा नाही. मुंबईहून पुण्याला जाणारा जुना रस्ता आमच्या गावावरून जातो. पळस्प्याला त्यातून गोव्याचा रस्ता फुटतो. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला, तेव्हापासून तर गाड्यांची घरघर आमच्या झोपेचाच एक भाग झाली आहे. माझे आजोबा पेंढ्याची बैलगाडी हाकीत. वडील गेली अठरा वर्षे दुसऱ्याची मोटार चालवीत आले आहेत. गेल्या वर्षी बाबा आणि काका यांनी मिळून २०२१ सालची एक वापरलेली मोटार विकत घेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली आणि घरची म्हणावी अशी मोटारही ही पहिलीच. कॉलेजात अर्ज कसा भरावा, वाचनालयातून पुस्तक कसे मागावे, हे सांगायला माझ्या घरी कोणी नव्हते. मोटारीच्या बाबतीत मात्र सांगणारा माणूस घरातच होता. आम्ही त्याला विचारले नाही, इतकेच.

गाडी आल्यावर पहिली वारी अर्थातच कार्ल्याला, एकविरा आईच्या दर्शनाची. मागच्या तिघांच्या सीटवर आई, आजी, काका आणि काकू असे चौघे बसले. पुढे बाबांच्या शेजारी मी आणि माझ्या मांडीवर काकांचा तीन वर्षांचा मुलगा. डॅशबोर्डवर काकांनी हौसेने बसवलेली आईची छोटी मूर्ती. गाडी सुरू झाली आणि पट्टा लावला नाही म्हणून टुंगटुंग वाजू लागले. बाळ मांडीवर असल्यामुळे मला पट्टा अडचणीचा वाटत होता. मागून आजी म्हणाली, “अगं, बंद कर ते, डोकं उठलं!” माझ्याजवळ त्यावर उपाय तयार होता. रस्त्याकडेच्या एका दुकानातून मी एक लोखंडी जिभली आणून ठेवली होती. पट्ट्याच्या खाचेत ती सरकवली की मोटारीला वाटते, पट्टा लागला. आवाज बंद.

बाबा म्हणाले, “काढ ते. पोराला मागं दे आणि तू पट्टा लाव.”

मी म्हणाले, “लावते हो बाबा, पुढे गेल्यावर.”

हे ‘पुढे’ भाताणचा बोगदा गेला तरी आले नाही, माडपचा बोगदा गेला तरी आले नाही. खालापूरच्या टोलनाक्याअलीकडे गाड्यांची रांग लागली होती. आमच्या पुढची मोटार अचानक थांबली आणि बाबांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी कशालाही धडकली नाही. वेगही फार नव्हता. पण बाळ माझ्या हातांतून सुटले आणि त्याचे कपाळ डॅशबोर्डवर आपटले. मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. तरी ते सुटले. खोपोलीला एका दवाखान्यात चार टाके पडले. आम्ही दर्शन न घेताच परतलो. बाळ आता खेळते आहे, हसते आहे, पण भुवईवरचा तो व्रण मला रोज दिसतो. बाबा त्या दिवशी मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी डॅशबोर्डखालचा कप्पा उघडला. त्यात मोटारीची माहिती-पुस्तिका होती. प्लॅस्टिकच्या वेष्टणातून ती कोणी बाहेरही काढली नव्हती! पुस्तिका इंग्रजीत. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. म्हणून आठ-दहा संध्याकाळी आम्ही दोघे ओटीवर बसलो. मी शब्दकोश घेऊन वाचायची आणि मराठीत सांगायची. बाबा ऐकायचे आणि त्यांच्या अठरा वर्षांच्या अनुभवातला एखादा दाखला द्यायचे. कॉलेजातल्या कोणत्याही अभ्यासाने मला आपण शिकलेलो आहोत असे इतके वाटले नव्हते.

पहिल्याच संध्याकाळी एक कोडे सुटले. एअरबॅगच्या झाकणावर ‘एस.आर.एस.’ अशी अक्षरे असतात. बाबांना ते आजवर कंपनीचे नाव वाटत होते. पुस्तिकेत त्याचा अर्थ निघाला : पूरक बंधन-व्यवस्था. यातला ‘पूरक’ हा शब्द महत्त्वाचा. एअरबॅग ही पट्ट्याला पूरक आहे, पट्ट्याच्या बदली नाही. आपण परीक्षेला पाठ्यपुस्तक न वाचता नुसत्या गाइडवर जातो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की ही परीक्षा पुन्हा देता येत नाही. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांशांत फुगते. पट्ट्याने मागे धरून ठेवलेल्या माणसाला ती उशीसारखी झेलते. पण पट्टा नसलेला माणूस आधीच पुढे फेकला गेलेला असतो, आणि मांडीवरचे मूल तर तिच्या तोंडाशीच असते. त्याला ती झेलत नाही, तडाखा देते. त्या दिवशी आमची गाडी खरोखर धडकली असती तर? आणि ती डॅशबोर्डवरची मूर्ती? एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली कोणतीही वस्तू त्या क्षणी दगडासारखी सुटते. आता आमची आई एकविरा घरच्या देव्हाऱ्यात आहे आणि तिथेच ती अधिक शोभते.

‘मी घट्ट धरले होते’ या माझ्या शब्दांचा हिशेब विज्ञान शाखेतल्या एका मैत्रिणीने मांडून दाखवला. ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार-साडेचार मजल्यांवरून खाली पडणे. ताशी १०० ला तीच उंची ३९ मीटरांच्या वर जाते. चौथ्या मजल्यावरून पडताना मूल हातांत धरून ठेवीन असे कोणती आई म्हणेल? मोटारीत मात्र आपण सगळे हे रोज म्हणतो.

मग एकेक सोय घेऊन आम्ही तिचा नियम शोधू लागलो. सीट मागे कलती करता येते, ही किती सुखाची गोष्ट! पण गाडी चालू असताना आडवे झाले की पट्टा छातीवरून सुटतो, कमरेचा भाग पोटावर चढतो आणि धक्क्याला माणूस पट्ट्याखालून घसरतो. झोपायचे असेल तर थांबलेल्या गाडीत झोपावे. पाय डॅशबोर्डवर टाकून बसणे हा तर हल्ली छायाचित्र काढून घेण्याचा विषय झाला आहे. एअरबॅग फुगली तर ते पाय कुठे जातील, याचा विचार करावा. डोक्यामागची उशी मान टेकायला आहे असे आपण समजतो. ती खरी मागून धक्का बसला तर मान मोडू नये म्हणून आहे. तिचा मध्य साधारण कानाच्या उंचीला यावा लागतो. आमच्या गाडीतल्या सगळ्या उश्या खाली दाबलेल्या होत्या.

ए.सी.चा एक खटका आतलीच हवा फिरवतो. त्याने गारवा लवकर येतो, पण काचा बंद ठेवून चार-पाच माणसे तासन्‌तास तीच हवा घेत राहिली की जडपणा येतो, डोळे मिटू लागतात. बाबा म्हणाले, “घाट चढताना साहेब मागं घोरतात, आणि मला जांभया येतात, त्याचं कारण हे होय!” आता ते मधून मधून बाहेरची हवा आत घेतात. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ए.सी.त बसणे तर प्राणावर बेतू शकते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत मुलाला ‘दोन मिनिटांसाठी’ ठेवून जाणे हाही तसाच गुन्हा. भट्टी तापावी तशी ती आतून तापते.

बटणावर वर जाणाऱ्या काचांत मुलांचे हात आणि मान सापडते. म्हणून चालकाच्या दारावर इतर काचा बंद ठेवण्याचे बटण असते आणि मागच्या दारांना मुलांसाठीचे कुलूप असते. ती दोन्ही आहेत हे आमच्या काकांना ठाऊकच नव्हते. वेग आपोआप धरून ठेवणारी सोय मोकळ्या, कोरड्या रस्त्यासाठी आहे. पावसात, घाटात आणि गर्दीत ती बंदच हवी. समोरच्या पडद्यावर गाणे शोधायला दोन सेकंद नजर गेली, तर ताशी १०० च्या वेगाने मोटार सुमारे ५५ मीटर आंधळी धावते. आणि ही सगळी यंत्रे बाजूला ठेवून बाबांनी सांगितलेली गोष्ट म्हणजे पाण्याची बाटली. ती चालकाच्या पायांशी कधी ठेवू नये. घरंगळत ब्रेकखाली गेली की ब्रेक दाबला जात नाही. पायाखाली एकावर एक दोन चटया घालणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

त्या जिभलीबद्दलही मी वाचले आणि मान खाली गेली. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींत पट्ट्याची आणि वेगाची सूचना देणारा आवाज सक्तीचा झाला. पट्टा नसला की तो वाजतो, ताशी ८० च्या वर थांबून थांबून वाजतो आणि १२० च्या वर सलग वाजत राहतो. हा आवाज त्रास देण्यासाठीच ठेवला आहे, आणि आपण पैसे मोजून त्याचे तोंड बंद करतो! मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या जिभल्या विकणे बंद करण्याचा हुकूम दिला आणि तशा १३,११८ जाहिराती काढून टाकल्या गेल्या. तरी मला ती रस्त्याकडेला मिळालीच. विकणाऱ्याला दोष देता येईल, पण खाचेत ती सरकवणारा हात माझा होता.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘ठीक आहे, नियम कळले, पाळू.’ पण नियम कळणे पुरेसे असते तर बाबांनी सांगितले तेव्हाच मी ऐकले असते. गाडीतल्या सर्वांत जाणत्या माणसाचे आपण ऐकत का नाही, हा या लेखातला खरा प्रश्न आहे.

एका संध्याकाळी मी बाबांना विचारले, “तुमचे साहेब मागे पट्टा लावतात का?”

ते हसले. “मागं कोण लावतंय?”

“मग तुम्ही सांगत का नाही?”

“साहेबाला? ड्रायव्हरनं?”

या दोन शब्दांपुढे मी गप्प झाले. आपल्याकडे मागची सीट म्हणजे मानाची जागा. जो मागे बसतो तो मालक, जो पुढे बसतो तो नोकर. मालकाने आराम करायचा आणि नोकराने समोर बघायचे. पण कायदा काय म्हणतो पाहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९४-ब या कलमाप्रमाणे स्वतः पट्टा न लावणारा चालक तर दोषी आहेच, पण पट्टा न लावलेले प्रवासी नेणारा चालकही दोषी आहे. दंड एक हजार रुपये. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याशिवाय नेले तरी तेवढाच दंड. म्हणजे कायद्याने जबाबदारी दिली बाबांना आणि रिवाजाने त्यांचे तोंड केले बंद!

मागची सीट सुरक्षित असते हा समज किती महाग पडतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबादहून मुंबईला येताना पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. गाडी महागडी होती, सर्व सुखसोयींची होती. पुढचे दोघे जखमी होऊनही वाचले. मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्याआधी ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांचा मोटार अपघातात अंत झाला. तेही मागच्याच सीटवर बसले होते. मिस्त्री यांच्या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला. तीन ठिकाणी अडकवायचा हा पट्टा निल्स बोलीन या स्वीडिश इंजिनिअरने तयार केला आणि १९५९ साली तो मोटारीत आला. त्याच्या कंपनीने ती युक्ती सर्वांना वापरू दिली. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ हा उपाय जगाच्या हाताशी आहे, आणि आपल्याकडे मागच्या सीटवर तो गादीच्या फटीत दडपलेला असतो.

एक गोष्ट मात्र मला पुस्तिका वाचल्यापासून झोपू देत नाही. धडक बसली की पट्टा नसलेला मागचा माणूस गाडीच्याच वेगाने पुढच्या सीटवर येऊन आदळतो. सत्तर-ऐंशी किलोंचा तो भार पुढे बसलेल्याच्या पाठीवर येतो. साहेबांच्या पुढे कोण बसलेले असते? माझे बाबा. बाबांनी स्वतःचा पट्टा अठरा वर्षांत एकदाही चुकवलेला नाही. पण साहेबांनी न लावलेल्या पट्ट्यापासून त्यांना वाचवणारा पट्टा कोणत्याही कंपनीने काढलेला नाही. तेव्हा ‘मी मागे कसाही बसेन, माझा प्रश्न आहे’ असे कोणी म्हणू नये. तो प्रश्न पुढच्या माणसाचाही आहे आणि घरी त्याची वाट पाहणाऱ्यांचाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सातजणांचे कुटुंब आणि पाचजणांची मोटार, हे आपल्याकडचे वास्तव आहे. मुलांसाठी मिळणारी वेगळी खुर्ची अनेकांच्या खिशाला परवडत नाही. आमच्याही नाही परवडली, दोन महिने पैसे साठवावे लागले. खेड्यांतून बारा-बारा माणसे भरून धावणाऱ्या वडापच्या गाडीत बसणाऱ्यांना पट्ट्यावर व्याख्यान देणे ही थट्टाच होईल. त्यांना पुरेशा एस.टी. गाड्या मिळाल्या पाहिजेत. पण ज्याच्या मोटारीत पट्टा आहे, उशी आहे, कुलूप आहे, त्याने ती न वापरणे याला गरिबीचे कारण देता येत नाही.

म्हणून माझ्या तीन अपेक्षा आहेत. मोटार विकणाऱ्यांनी माहिती-पुस्तिका मराठीत द्यावी. ती वाचायची ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे, त्यांना इंग्रजी येतेच असे नाही. दुसरे, आपल्यासारख्या घरातून पहिल्यांदा शिकलेल्या मुलामुलींनी आपापल्या घरची, शेजारची ही पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, तसे एक संध्याकाळ रिक्षातळावर आणि मोटारतळावर बसून हे काम करता येईल. आणि तिसरे, ज्यांच्या घरी ड्रायव्हर आहे त्यांनी गाडीत बसल्यावर त्याला एवढेच सांगावे : ‘सर्वांनी पट्टे लावल्याशिवाय गाडी हलवू नका, मी सांगितले तरी हलवू नका.’ हे मालकानेच म्हटले पाहिजे, कारण नोकराला ते पहिल्यांदा म्हणता येत नाही.

बाबांनी साहेबांना अजून सांगितलेले नाही. मी आग्रह धरला, तेव्हा म्हणाले, “बघू.” त्यांची अडचण मला कळते. अठरा वर्षांची नोकरी आहे आणि माझी फी त्यातूनच भरली जाते. हा अंक छापून आल्यावर एक प्रत मी त्यांच्याजवळ देणार आहे. ते ती गाडीच्या मागच्या सीटवर ठेवतील की घरी पेटीत, हे मी त्यांच्यावर सोडले आहे.

घरी मात्र कायदा बदलला आहे. मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा कार्ल्याला गेलो. या वेळी मागे तिघे, पुढे दोघे आणि काका-काकू रेल्वेने. बाळ मागच्या सीटवर स्वतःच्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेले. बाबांनी किल्ली हातात घेतली आणि मागे वळून पाहिले. आजीचा पट्टा लुगड्यात अडकला होता. ती कुरकुरली, “देवीला चाललोय की तुरुंगात?” बाबा काही बोलले नाहीत. किल्ली मांडीवर ठेवून बसून राहिले. शेवटी आजीनेच मला हाक मारली, “ये गं, लावून दे एकदाचा.”

मी पट्टा लावून दिला, आणि मग गाडी निघाली.